मास्तरांचा दात आणि जावयाचा कोट

माप

"दात म्हणजे काय शिलाईचं मशीन आहे, दर सहा महिन्यांनी तेल घालायला?" असं मास्तर म्हणत, आणि म्हणून झालं की दोरा दातात धरून कट्‌कन तोडत. त्यांच्या मते तो कट् हाच पुरावा होता. पुढे बोलण्यासारखं काही उरत नसे.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शिकवत काही नसत, पण कोट शिवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची पद्धत आहे, आणि त्यांचा आवाजही वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. वय साठीला टेकलेलं, बत्तिशी शाबूत. दातांच्या डॉक्टरची पायरी ते जन्मात चढले नव्हते, आणि ही गोष्ट ते लोक परदेशवारी सांगतात त्या सुरात सांगत.

त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच होती. आयुष्यभर दोरे तोडून तोडून पडलेली. सुई ओढायची, दोरा त्या खाचेत आणायचा, मान जराशी कलती करायची, कट्. नजर कापडावरून हलायची नाही. दुकानात कात्री होती, पण ती कापडासाठी. दोऱ्यासाठी कात्री उचलणारा शिंपी त्यांना ताटातला घास पट्टीने मोजून खाणाऱ्या माणसासारखा वाटे. तरुणपणी, खाच पहिल्यांदा जिभेला जाणवली, तेव्हा कुठे त्यांच्या गुरूने त्यांना कोटाला हात लावू दिला होता.

अशा माणसाच्या नशिबी जावई यावा तो कोण? दातांचा डॉक्टर.

लेकीने स्वतःच जमवलं होतं. डॉक्टरचा दवाखाना दुकानाच्या समोरच, रस्ता ओलांडला की आला. मुलगा नम्र, हसरा, मास्तरांना काका म्हणणारा. मास्तरांना त्याच्यात खोट काढता येईना, म्हणून त्यांनी धंद्यात काढली. "आपलं काम पाहून हा तोंडात बोट घालील," ते बायकोला म्हणाले, "पण सवयीने दुसऱ्याच्याच."

तर, चहाला दोन्ही घरं बसली असताना विहीणबाई सहज म्हणाल्या की हल्ली तयार कोटच अंगाला छान बसतात. सहजच म्हणाल्या. मास्तरांनी कप खाली ठेवला. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले.

नवरदेवाचा कोट मी शिवणार, मास्तरांनी जाहीर केलं. सगळा हाताने. मशीनला शिवणारसुद्धा नाही. सगळे म्हणाले, अहो कशाला एवढा त्रास. तेवढ्याने मास्तरांना आणखी जोर चढला. "लग्नात जावयाच्या अंगावर दुसऱ्याचा कोट दिसला, तर मी हॉलच्या दारातून परत फिरेन."

लेकीचा चेहरा उतरला, कारण वडील बोलले तसं करतात हे तिला माहीत होतं. सख्ख्या भावाच्या नव्या घरातून ते न जेवता परत आले होते. का, तर पडदे उलट्या बाजूने शिवलेले.

विहीणबाई हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तयार कोट आणून कपाटात टांगला. असू दे म्हणाल्या, अडीअडचणीला.

ही बातमी मास्तरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आता तो कोट कपाटातून बाहेर येऊ न देणं एवढंच त्यांचं जीवनकार्य उरलं.


कच्ची शिलाई

पहिली ट्रायल. डॉक्टर आरशासमोर उभे, अंगावर अर्धाच कोट, एक बाही असलेला. मास्तर समोर स्टुलावर, ओठांत टाचण्यांची रांग. तोंडात टाचण्या असल्या की मास्तरांना एकच अक्षर बोलता येई, पण त्या एका अक्षरात सबंध व्याकरण होतं. ते गिऱ्हाइकांना कळत असे. डॉक्टर नवीन गिऱ्हाईक होते.

शिवाय डॉक्टरांना एक सवय होती. समोरच्याचे ओठ जरा विलग झालेले दिसले की त्यांची नजर आपोआप आत जाई.

काका, दात शेवटचे कधी दाखवले होते, त्यांनी विचारलं.

"हं." म्हणजे, हात खाली.

वर्ष झालं असेल?

"हं." म्हणजे, इतका खाली नाही.

मग दाखवायला हवेत. कोटाच्या ट्रायलला तुम्ही सगळ्यांना तीन-तीनदा बोलावता, दातांना एकदाही ट्रायल नाही, हे बरं दिसतं का?

"हं हं." म्हणजे, हलू नका, खांद्यात टाचणी आहे.

उद्या सकाळी येता का? पहिलं तुमचंच बघतो.

"हं!" म्हणजे, सांगितलं ना हलू नका.

मास्तरांनी टाचण्या काढून डबीत टाकल्या, तोवर दारात उभी असलेली लेक आनंदाने लाल झाली होती. बाबा दातांच्या डॉक्टरकडे जायला तयार झाले, तेही एका शब्दात. डॉक्टरांनी आईला फोनसुद्धा लावला होता. विहीणबाई फोनवरून म्हणाल्या, व्याही फार समजूतदार आहेत हो, उगीच मी त्यांना हट्टी समजत होते.

आता नाही म्हणायचं कसं?


किती वेळा

त्या दिवशी दुकानात हाच विषय. लेकीचं म्हणणं, सहा महिन्यांनी एकदा, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. मास्तरीणबाईंचं म्हणणं, दुखेल तेव्हा, आणि दुखून थांबलं तर तेव्हाही नाही. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, माझ्या आजोबांनी दात एकदाच दाखवले, पण ते काढून रुमालात बांधून नेले होते. पँटची उंची कमी करायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं की त्या वर्षातून चारदा जातात; आणि मग सगळ्यांनी इतक्या आदराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की त्यांनी ते मिटून घेतलं.  मास्तर काजं घालायचा दोरा मेणातून ओढत होते आणि जिभेचं टोक खाचेवर फिरवत होते.


खुर्ची

दवाखान्यात मास्तरांनी पहिलं काय केलं, तर डॉक्टरांच्या पांढऱ्या डगल्याचा खांदा बघितला. उतरलेला होता. तयार माल. त्यांना थोडा धीर आला.

मग ती खुर्ची मागे कलली आणि त्यांचे पाय डोक्यापेक्षा वर गेले. इतक्या वर्षांत त्यांनी लोकांना उभं केलं होतं, वळवलं होतं, हात वर करायला लावले होते. त्यांना कोणी आडवं केलं नव्हतं. तोंडात आरसा आला. एक वाकडी नळी आली, जी वाफेच्या इस्त्रीसारखी सुस्कारे टाकत थुंकी ओढू लागली. डॉक्टरांची बोटं आली. आणि हे सगळं आत जाऊन बसल्यावर डॉक्टरांनी गप्पा सुरू केल्या.

हिरड्या उत्तम आहेत, ते म्हणाले. कीड नाही. किटण थोडं होतं, काढलं. काका, मी तर बरंच काही सापडेल अशा तयारीत होतो. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती. मग आरसा वर सरकला आणि निराशा पळाली.

"अरेरे, हा केवढा मोठा तुकडा उडालाय. हे भरून टाकू ना?"

मास्तर म्हणाले, "अं अं."

आता नकाराचा हा आवाज जगात कुठेही ओळखू यावा. पण तोंडात बोटं असलेल्या माणसाचे सगळेच आवाज अं अं असतात, आणि डॉक्टर त्यातून रोज होकारच ऐकत आले होते. मास्तरांनी हात वर केला. मदतनीस बाईंनी तो प्रेमाने खाली घेऊन थोपटला. भिऊ नका, म्हणाल्या, अजिबात दुखणार नाही.

दुखलं नाहीच. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. दात सरळ, गुळगुळीत, खळ घातलेल्या कॉलरसारखा. खाच गेली. आयुष्यभराचं काम कोणीतरी सिमेंट भरून सपाट केलं होतं, आणि तो कोणीतरी समोर मान तिरकी करून शाबासकीची वाट बघत उभा होता.

"छान," मास्तर म्हणाले. जावयाला दुसरं काय म्हणणार?

"माझ्याकडून भेट समजा काका. आता वर्षभर इकडे फिरकू नका."

वर्षभर? लेक तर सहा महिने म्हणते.

डॉक्टर म्हणाले, ती सरसकट सांगायची गोष्ट. खरं तर प्रत्येकाचं तोंड बघून ठरवायचं असतं. कोणाच्या हिरड्या नाजूक, कोणाला कीड लवकर लागते, त्याला मी तीन-चार महिन्यांनीच बोलावतो. कोणाला वर्षाने पुरतं, एखाद्याला दोन वर्षांनी. सगळ्यांना एकच माप कसं चालेल?

हे बोलणं मास्तरांना इतकं पटलं की रस्ता ओलांडेपर्यंत ते दात विसरले. पोरगा बोलतो मात्र शिंप्यासारखा, असं त्यांनी घरी सांगितलंसुद्धा. मग ते कोट मांडीवर घेऊन बसले, सुई ओवली, टाका घातला, मान कलती केली.

आवाजच आला नाही.


कापणी

दोरा नव्या दातावरून घसरला. पुन्हा धरला, चावला, तेव्हा तुटला नाही, चपटा झाला. तिसऱ्यांदा तुटला, पण टोक असं फिसकारलं की सुईच्या नेढ्यात जाईना. मास्तरांनी शेजारचा दात वापरून पाहिला. त्यासाठी मान इतकी वळवावी लागली की पुढच्या टाक्याला कापड दिसेना.

कोट तर काजांवर आला होता. काजं म्हणजे सगळं दोऱ्याचंच काम, दर वीतभर अंतराने तोड.

शेवटी त्यांनी कात्री घेतली. मग कात्री शोधण्यात दिवस गेला. ती कोटाखाली जाई, स्टुलाखाली जाई, एकदा ते स्वतःच तिच्यावर बसले. टाका, कात्री, कुठे गेली कात्री, टाका. हाताची लय गेली ती गेलीच. आणि लय गेलेला हात एका क्षणी दोऱ्यासकट कापडही उचलून घेतो. कोटाच्या छातीवर कॉलरची जी पाती दुमडलेली असते, तिच्यावर उजव्या बाजूला कच्‌कन एक चीर पडली.

मास्तर बराच वेळ त्या चिरेकडे बघत बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या दाताने कापडाला एक ओरखडा काढला नव्हता.

मग त्यांनी अक्कल चालवली. कोटाच्या डाव्या पातीवर फूल खोचायला एक काज असतंच. उजवीकडेही केलं तर? त्यांनी त्या चिरेचं झकास काज केलं. नवरदेव दोन फुलं लावील. एकाच्या जागी दोन, लग्न आहे, कोण विचारतो.

पण कात्री त्यांनी भिंतीवर टांगली ती टांगलीच. पुढचा दोरा त्यांनी पुन्हा जुन्या जागी, त्या गुळगुळीत दातावर धरला, डोळे मिटले आणि सगळा जोर लावून तोडला.

कट्!

काय गोड आवाज. दोरा तुटला होता. सिमेंटही.


उसवण

वर्षभर फिरकू नका म्हटलेला माणूस आठवड्याच्या आत खुर्चीत परत आडवा. डॉक्टरांचा चेहरा पडला. माझं भरलेलं असं निघत नाही हो, ते स्वतःशीच म्हणत राहिले. काही कडक खाल्लंत का?

"नाही," मास्तर म्हणाले. खोटं नव्हतं. दोरा कोणी खात नाही.

या वेळी खरं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण सांगायचं काय? तुमची भेट मला नको होती? आणि सांगितलं तर दोरा दाताने तोडायचा नाही अशी ताकीद मिळणार, म्हणजे कात्री, म्हणजे कोट होत नाही, म्हणजे कपाटातला कोट बाहेर. तोवर नळी तोंडात गेली आणि प्रश्न मिटला.

डॉक्टरांनी जास्त पक्कं भरलं. मास्तरांनी दोन काजं केली आणि तेही फोडलं. तिसऱ्यांदा भरलं, तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता.

इकडे मास्तरीणबाईंनी नवऱ्याला आरशासमोर ओठ वर करून दात न्याहाळताना पाहिलं. खाच परत कितपत आली ते मास्तर बघत होते. बाईंनी निष्कर्ष काढला की लग्नातल्या फोटोंची तयारी चालली आहे. ते त्यांनी लेकीला सांगितलं, लेकीने डॉक्टरांना: बाबा नव्या दातावर खूश आहेत, सारखे बघत असतात. झालं. डॉक्टरांना वाटलं, बिचारे दर वेळी निघेल म्हणून धास्तावून बघत असणार.

आणि मग डॉक्टरांचा आपल्या हातावरचा विश्वासच उडाला. ज्या दातात ते जीव ओतून सिमेंट भरतात तो सासऱ्यांचा दात टिकत नाही, तर बाकीच्यांचं काय झालं असेल? अलीकडे ज्यांचे ज्यांचे दात भरले होते त्या सगळ्यांना त्यांनी परत बोलावलं.

गल्लीत गोंधळ उडाला. ज्याला वर्षाने ये म्हटलं होतं त्यालाही बोलावणं, ज्याला सहा महिन्यांनी त्यालाही. बाकावर जागा पुरेना. एकाचं म्हणणं, कालच तर दाखवून गेलो, आज पुन्हा? दुसरा म्हणाला, लग्न जवळ आलंय, हात थरथरत असतील. तिसऱ्याने डॉक्टरांच्या डिग्रीविषयी काहीतरी विचारलं आणि चौथ्याने ते पुढे सांगितलं. सगळ्यांचे दात तपासले गेले, सगळ्यांचे ठणठणीत निघाले, आणि त्यामुळे संशय आणखीच वाढला. काही नव्हतं तर बोलावलं कशाला?

लेक दुकानात आली ती डोळे सुजवूनच. ते म्हणतायत लग्न पुढे ढकलू या, ती म्हणाली. म्हणतायत आधी माझ्या हाताला काय झालंय ते कळू दे.

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. ते "हं" म्हणाले. याचा अर्थ त्यांनासुद्धा कळला नाही.


शेवटची ट्रायल

कोट जवळजवळ झाला होता. बाहीचं एक बटण तेवढं राहिलं होतं. डॉक्टर आले, गुमान उभे राहिले, आरशात बघितलंही नाही. मास्तरांनी आज तोंडात टाचण्या घेतल्या नव्हत्या. आज बोलायचंच, असं ठरवून बसले होते. फक्त आधी हे बटण लावून घेऊ म्हणाले, आणि डॉक्टरांचं मनगट हातात धरून टाके घालू लागले.

कापड सुरेख होतं. बटण बसत आलं. हात लयीत आला. शेवटचा टाका ओढला, आणि मास्तरांची मान आपली आपण, कोणाला न विचारता, कलती झाली.

कट्.

बाहीवर काहीतरी पांढरं, तांदळाच्या कणीएवढं, येऊन पडलं. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काका," डॉक्टर म्हणाले, "हे माझं आहे."

"हो."

"तुम्ही दोरा दाताने तोडता?"

"मग कशाने तोडतात?"

डॉक्टर कापड कापायच्या टेबलावर मटकन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे माझा हात ठीक आहे?"

"ठीक? इतकं गुळगुळीत काम मी बघितलं नाही जावईबापू. त्याच गुळगुळीतपणाने माझा जीव घेतलाय."

मग सगळं बाहेर आलं. खाच, गुरू, कात्री, उजव्या पातीवरचं काज. डॉक्टर ऐकत राहिले. मास्तरांनी शेवटी भीतभीत विचारलं की तुमच्या त्या यंत्राने खाच परत पाडून देता का? डॉक्टर म्हणाले, काका, मी खाचा बुजवायला शिकलोय, पाडायला नाही. हवं तर लग्न होईपर्यंत दात असाच राहू दे. नंतर मी भरणार आणि तुम्ही कात्री घेणार. कबूल?

"कबूल," मास्तर म्हणाले. शिंपी ज्या सुरात कोटाची तारीख देतो त्या सुरात म्हणाले. डॉक्टर आता त्यांचं व्याकरण शिकले होते.

"आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

"वर्षातून एकदा म्हणाला होतात."

"ते तोंडाचं माप होतं," डॉक्टर म्हणाले. "आज सवयीचं घेतलं."


इस्त्री

लग्न ठरल्या दिवशी झालं. नवरदेवाच्या अंगावर मास्तरांचाच कोट होता, छातीवर दोन्ही बाजूंना दोन फुलं. खांद्याला सुरकुती नाही, पाठीला झोळ नाही. मास्तर मुद्दाम जावयाच्या शेजारी उभे राहिले. लोक येतील, कोट बघतील, कोणी शिवला विचारतील.

लोक आले. पण डॉक्टरांनी आपल्या हाताची अब्रू वाचवायला, विनाकारण बोलावलेल्या प्रत्येक पेशंटला खरी हकीकत सांगितली होती, आणि सगळी गल्ली हॉलमध्ये होती. जो तो नवरदेवाशी हात मिळवी, कोटावरून नजर घसरवी आणि मास्तरांपुढे येऊन म्हणे, दाखवा बघू तो दात. मास्तरांनी सुरुवातीला हौसेने दाखवला. मग पाहुण्यांची रांग लागली. एका आजोबांनी चष्मा लावून बघितलं आणि आपल्या मतेही तीन महिने बरोबर आहेत असं सांगितलं.

कोटाकडे नीट पाहिलं ते फक्त विहीणबाईंनी. त्यांनी बाही उलटून पाहिली, काजांवरून बोट फिरवलं, अस्तराच्या आत डोकावल्या.  

"काम सुरेख आहे हं, व्याही," त्या शेवटी म्हणाल्या. "तयार कोट याच्यापुढे काहीच नाही."

मास्तरांची छाती अशी फुगली की त्यांच्या स्वतःच्या कोटाचं बटण ताणलं.

"आणि यातला एकेक दोरा तुम्ही दाताने तोडलाय?"

"एकेक," मास्तर म्हणाले. नेहमीच्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. "इतक्या वर्षांत शिवलेल्या सगळ्या कोटांचा."

विहीणबाईंनी जरा विचार केला.

"म्हणजे कोट उष्टे म्हणायचे."

त्या काही वाईट मनाने म्हणाल्या नाहीत. पण फोटोवाल्याने नेमकं त्याच वेळी सगळ्यांना गप्प उभं केलं होतं, आणि हॉलमधल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर मास्तरांनी शिवलेले कोट होते. एकाने हळूच आपल्या बाहीच्या बटणाकडे पाहिलं. मग त्याच्या शेजाऱ्याने.

फोटो अजून दुकानात लावलेला आहे. मधोमध मास्तर आणि जावई कोटात, आणि आजूबाजूला, एक सोडून एक, लोक नुसत्या शर्टावर, कोट हातावर घेतलेले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मास्तर सांगतात, त्या दिवशी हॉलमध्ये फार उकडत होतं.